मोटिव्हेटरचा रकाना

कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी सरकार पैसे देतं, हे आपल्याला साधारण माहीत असतं. ते पैसे कुणाकुणाला जातात याचा तक्ता मात्र फार कुणी पाहिलेला नसतो. त्यात शस्त्रक्रिया करून घेणारी व्यक्ती असते, सर्जन असतो, भूलतज्ज्ञ असतो, नर्स असते, औषधं आणि ड्रेसिंगचा खर्च असतो. या सगळ्यांच्या मध्ये एक रकाना असतो ‘मोटिव्हेटर’चा. म्हणजे जिनं किंवा ज्यानं त्या माणसाला ऑपरेशनसाठी ‘तयार केलं’, त्याचा मोबदला.

हाच शब्द जगाच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्याच अर्थानं मोठा झाला. 1983 साली विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं दारूच्या समस्येवर एक निबंध लिहिला आणि त्यातून ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ नावाची बोलण्याची एक पद्धत जन्माला आली. तिचं सार एका वाक्यात सांगायचं तर : माणसाला बाहेरून प्रेरणा देता येत नाही, ती त्याच्याकडे आधीच असते, तुमचं काम ती त्याच्याच तोंडून बाहेर येऊ देणं.

आज ही पद्धत गर्भनिरोधकांच्या समुपदेशनात वापरली जाते. म्हणजे एकाच खोलीत ‘मोटिव्हेशन’चे हे दोन अर्थ समोरासमोर येतात. त्या दोन अर्थांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहावा, एवढ्यासाठी हा लेख.

खोक्यांचं शिल्प

सुरुवातीला सरकार या गोष्टीत नव्हतंच. 1921 साली मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला होता. कर्वे गणिताचे प्राध्यापक. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. 1927पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यातल्या एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्वे काही मृदू बोलणारे समुपदेशक नव्हते, ते कडक भांडायचे. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : त्यांच्याकडे येणारी माणसं आपापला प्रश्न घेऊन, आपल्या पायानं यायची. ‘या महिन्यात इतक्या बायका आल्या पाहिजेत’ असा आकडा कर्व्यांच्या टेबलावर नव्हता.

1952 साली भारतानं अधिकृत कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला. असं करणारा तो जगातला पहिला देश. आणि लवकरच प्रश्नाची दिशा उलटली. आता लोक विचारायला येत नव्हते, कार्यक्रम लोकांकडे जात होता.

त्या काळातला सगळ्यात बोलका प्रसंग पंजाबातला आहे. लुधियाना जिल्ह्यातल्या खन्ना परिसरात हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 1954 ते 1960 या काळात मोठा क्षेत्रीय अभ्यास केला. कार्यकर्ते घरोघरी जात, माहिती देत, फेस होणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्या वाटत. लोक नम्रपणे त्या घेत. आकडे छान दिसत होते. पण जन्मदर काही हलला नाही.

काही वर्षांनी महमूद ममदानी नावाचा तरुण अभ्यासक याच भागातल्या मनुपूर गावात गेला (जोहरान ममदानी हे नाव तुम्ही न्यूयॉर्कच्या बातम्यांत ऐकलं असेल, हे त्याचे वडील). त्यानं लोकांना साधा प्रश्न विचारला : गोळ्यांचं काय केलंत? उत्तर असं होतं, की बऱ्याच जणांनी त्या घेतल्या, पण वापरल्या नाहीत. इतकी शिकलेली माणसं इतक्या लांबून आली, चांगली वागली, त्यांना नाही कसं म्हणायचं? एका घरात तर गोळ्यांच्या खोक्यांपासून केलेलं शिल्प मांडून ठेवलं होतं. ममदानीचं ‘द मिथ ऑफ पॉप्युलेशन कंट्रोल’ हे पुस्तक 1972 साली आलं. त्याचं म्हणणं होतं, की या शेतकऱ्यांना कळत नव्हतं असं नाही. शेतात राबायला, म्हातारपणी सांभाळायला मुलं लागत होती. त्यांचा हिशेब त्यांच्या जागी बरोबर होता. तो हिशेब कुणी विचारला नव्हता, इतकंच.

ॲप बनवणाऱ्या आमच्यासारख्यांना हा गोंधळ लगेच ओळखू येतो. डाउनलोडचा आकडा वेगळा आणि रोज वापरणाऱ्यांचा आकडा वेगळा. मनुपूरमध्ये संशोधक डाउनलोड मोजत होते.

‘केस’ आणणे

यातून शिकायचा धडा खरं तर ‘ऐकायला हवं’ हा होता. पण तज्ज्ञांच्या जगात तेव्हा वेगळा निष्कर्ष रूढ होत होता. पाहणीत बाई म्हणते, मला आता मूल नको. पण ती साधन वापरत नाही. म्हणजे काय? म्हणजे तिच्यात मोटिव्हेशन कमी आहे. म्हणजे मोटिव्हेट करणारा माणूस हवा. तिला साधन मिळतं का, त्रास झाल्यावर कुणी पाहतं का, घरात निर्णय कुणाचा असतो, हे सगळे प्रश्न त्या एका शब्दाखाली गाडले गेले.

1963च्या सुमारास कार्यक्रम दवाखान्यातून बाहेर पडून घरोघरी जाऊ लागला. पुढच्या दोन-तीन वर्षांत आकड्यांची लक्ष्यं आली : राज्याला इतकी, जिल्ह्याला इतकी, कर्मचाऱ्याला इतकी. 1965 साली ‘लूप’ आला, आजच्या तांबीचा पूर्वज. मोठ्या संख्येनं बसवला गेला. मग रक्तस्राव आणि दुखण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. त्या तक्रारी ऐकून घेऊन पुढचे उपचार करणारी यंत्रणाच उभी नव्हती. बायका आपापसात बोलल्या आणि लूपची मागणी कोसळली. अधिकाऱ्यांच्या भाषेत याला ‘अफवा’ म्हणत. त्यातल्या कितीतरी अफवा म्हणजे बायकांनी एकमेकींना सांगितलेले स्वतःचे अनुभव होते.

1971च्या जुलैत केरळमधल्या एर्नाकुलमला महिनाभराच्या शिबिरात 60 हजारांवर नसबंद्या झाल्या. तिथं बक्षिसं होती, जत्रेसारखं वातावरण होतं. हे यश देशभर नमुना म्हणून गेलं. आणि मग आणीबाणी आली. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, बहुसंख्य पुरुषांच्या. शिक्षक, तलाठी, पोलीस सगळ्यांना कोटा. पगार, बढती, रेशनकार्ड, जमिनीचा तुकडा यांना नसबंदीचा दाखला जोडला गेला. महाराष्ट्र यात मागे नव्हता, उलट एक पाऊल पुढे होता. तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारं विधेयक 1976 साली आपल्या विधिमंडळानं मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही.

या काळात मराठीत एक शब्द घट्ट बसला : ‘केस’. मास्तरांनी दोन केसेस आणल्या, सिस्टरची एक केस कमी पडते. माणसाचं नाव जाऊन केस उरते, तेव्हा बोलणं संपलेलं असतं.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञानं 1975 साली, म्हणजे नेमकं आणीबाणीच्या वर्षी, एक निरीक्षण मांडलं. पुढे ते सोप्या रूपात ‘गुडहार्टचा नियम’ म्हणून प्रसिद्ध झालं : मोजमाप हेच लक्ष्य बनलं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. त्याचा विषय पतधोरण होता. आमच्या क्षेत्रात प्रत्येक टीममध्ये कुणीतरी हा नियम ऐकवतोच. भारतीय बायका-पुरुषांनी तो अंगावर भोगला.

बर्गेनजवळची खोली

आता नॉर्वे. 1982 साली मिलर रजेवर बर्गेनजवळच्या एका व्यसनोपचार केंद्रात गेला होता. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ त्याच्यासमोर आपले रुग्ण वठवायचे आणि मिलर समुपदेशक व्हायचा. ते मधेच थांबवून विचारायचे : आत्ता हाच प्रश्न का विचारलास? हे वाक्य का उचललंस, ते का सोडलंस? उत्तरं देता देता मिलरला कळलं, की आपण काही अलिखित नियमांनी बोलतो आहोत. ज्यांनी कधी सहकाऱ्याला आपला कोड ओळीन् ओळ समजावून सांगितला आहे, त्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. त्यानं ते नियम लिहून काढले. 1983चा निबंध तो हाच. पुढे ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या स्टीफन रोलनिकशी त्याची गाठ पडली आणि 1991 साली दोघांचं पुस्तक आलं.

त्या वेळी अमेरिकेत दारुड्याशी बोलायची रूढ रीत म्हणजे त्याला फैलावर घेणं. तो ‘नाकारतो’ आहे, त्याचं नाकारणं फोडायचं. मिलर आणि सहकाऱ्यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उलटं दिसलं : समुपदेशक जितका अंगावर जाई, तितकी तो माणूस वर्षभरानंतर जास्त पीत असे.

कारण तसं घरगुती आहे. माणूस दोन मनांत असतो. सोडावीशी वाटते आणि सोडवत नाही. तुम्ही ‘सोड’ची बाजू घेतली, की उरलेली बाजू मांडणं त्याच्या वाट्याला येतं. आणि माणूस स्वतःच्या तोंडून जे ऐकतो, त्यावर त्याचा विश्वास बसत जातो. समोरच्याचं चुकतंय असं दिसताच ते सुधारायला धावण्याच्या आपल्या ओढीला मिलर-रोलनिकनी खास नाव दिलं. मराठीत तिला ‘दुरुस्तीची खुमखुमी’ म्हणायला हरकत नाही. डॉक्टर, शिक्षक, आई-बाप आणि इंजिनियर या चौघांत ती भरपूर असते.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? समजा, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठ महिन्यांचं बाळ घेऊन एक बाई आली आहे. संवाद मी रचलेला आहे. पण असा संवाद आपल्याकडे नवा नाही.

‘तांबी बसवून घ्या ताई.’

‘नको सिस्टर, माझ्या जाऊबाईंना लई त्रास झाला.’

‘काही होत नाही. सगळ्यांना चालते.’

‘बरं, घरी विचारून सांगते.’

हे ‘घरी विचारून सांगते’ म्हणजे मनुपूरची नम्रपणे घेतलेली गोळी. आता दुसऱ्या रीतीनं :

‘जाऊबाईंना काय त्रास झाला?’

‘अंगावरून खूप जायचं. दोन महिने. शेवटी काढून टाकली.’

‘म्हणजे तसंच आपल्याला झालं तर कामावर जाता यायचं नाही, ही काळजी आहे.’

‘हो ना. रोज मजुरीला जावं लागतं. पण इतक्यात दुसरंही नकोय. हा तरी चालायला लागू दे.’

‘म्हणजे मधे थोडं अंतर हवंय. तांबी बसवल्यावर पाळीत काय फरक पडतो, ते सांगू का?’

‘सांगा की.’

‘पहिले तीन ते सहा महिने रक्तस्राव जास्त होऊ शकतो. मग बऱ्याच जणींना कमी होतो, सगळ्यांना नाही. नको वाटली तर कधीही येऊन काढता येते. गोळ्या आहेत, तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन आहे, निरोध आहे. हे ऐकून तुम्हाला काय वाटतं?’

यात जादू काही नाही. आधी विचारलं. जे ऐकलं ते तिच्यापुढे परत ठेवलं. परवानगी घेऊन माहिती दिली, त्रासाची बाजू न लपवता. आणि पुन्हा तिलाच विचारलं. ‘इतक्यात दुसरं नको’ हे वाक्य पहिल्या संवादात आलंच नव्हतं. ते तिच्याकडे होतं. त्याला जागा मिळाली नव्हती.

दारूकडून गर्भनिरोधकाकडे

व्यसनाच्या दवाखान्यातली ही पद्धत गर्भनिरोधकांकडे एका आडवाटेनं आली. गरोदरपणी दारू प्यायल्यानं बाळाला इजा होते. मग दारू पिणाऱ्या आणि गर्भनिरोधक न वापरणाऱ्या बाईशी काय बोलायचं? 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत अशा 830 स्त्रिया होत्या. अर्ध्याजणींना फक्त माहिती दिली, उरलेल्यांना या पद्धतीची चार समुपदेशन सत्रं आणि गर्भनिरोधकांबद्दल एक भेट. दारू कमी करायची, की गर्भनिरोधक वापरायचं, की दोन्ही, हे बाईनं ठरवायचं. नऊ महिन्यांनंतर धोक्याबाहेर येण्याची शक्यता दुसऱ्या गटात सुमारे दुप्पट होती. 2009 साली अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगवर मतपत्रिका काढली आणि ही पद्धत या शाखेत स्थिरावली.

पण इथंच खरी अडचण आहे. दारू सोडवताना दिशा ठरलेली असते. माणसानं जास्त प्यावं असं कुठलाच समुपदेशक म्हणणार नाही. गर्भनिरोधकात दिशा कुणी ठरवायची? बाईनं तांबी बसवणं म्हणजे ‘सुधारणा’ आणि न बसवणं म्हणजे ‘प्रतिकार’ असं मानलं, तर ही गोड बोलण्याची पद्धत ‘केस’ आणण्याचं अधिक धारदार हत्यार होते. सबस्क्रिप्शन रद्द करताना ‘आम्हाला सोडून जाताय? कारण सांगाल?’ असं मऊ आवाजात विचारणारा स्क्रीन आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तोही ‘ऐकतो’च.

अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांना ही भीती पुस्तकातून शिकावी लागली नाही. 1973 साली अलाबामात दोन अल्पवयीन काळ्या बहिणींची संमतीचं नाटक करून नसबंदी केल्याचं उघड झालं. 1990च्या डिसेंबरात ‘नॉरप्लांट’ हे दंडात बसवायचं, पाच वर्षं चालणारं साधन मंजूर झालं. दोनच दिवसांत फिलाडेल्फियातल्या एका मोठ्या वर्तमानपत्रानं काळ्यांमधली गरिबी कमी करायला ते वापरता येईल असा अग्रलेख लिहिला. गदारोळ झाल्यावर माफीही मागितली. पुढे 2007 ते 2011 या काळात सेंट लुइसमध्ये नऊ हजारांहून अधिक स्त्रियांना हवं ते साधन मोफत देणारा प्रकल्प झाला. सुमारे तीन चतुर्थांश जणींनी तांबी किंवा दंडातलं साधन निवडलं. खर्चाची भिंत पाडली की निवड बदलते, हे त्यातून दिसलं. पण तिथं समुपदेशनाची सुरुवातच सर्वात परिणामकारक साधनांपासून होत असे. मग यातली निवड किती आणि ढकलणं किती, हा प्रश्न उभा राहिला. 2016 साली काळ्या आणि इतर वंचित स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांनी तत्त्वांचं निवेदन काढलं : साधन बसवण्याचा जेवढा अधिकार, तेवढाच ते नाकारण्याचा आणि हवं तेव्हा काढून घेण्याचा.

मिलर आणि रोलनिक यांनी ही अडचण आधीच ओळखली होती. त्यांच्या लेखनात मूल होऊ द्यावं का, किडनी दान करावी का, अशा निर्णयांसाठी समुपदेशकानं जाणूनबुजून तटस्थ राहावं असं वेगळं प्रकरण आहे. आणि एक इशाराही आहे : समोरच्याच्या निर्णयात समुपदेशकाचा स्वतःचा लाभ गुंतलेला असेल आणि हातात सत्ताही असेल, तर ही पद्धत वापरूच नये.

रकाना अजून आहे

हा इशारा घेऊन परत आपल्या तक्त्याकडे येऊ. आणीबाणीनंतर सरकार पडलं, ‘कुटुंब नियोजन’चं ‘कुटुंब कल्याण’ झालं. पुरुषांची नसबंदी राजकीयदृष्ट्या महाग पडली, म्हणून भार बायकांवर सरकला. 1994च्या कैरो परिषदेत जगानं लोकसंख्येऐवजी स्त्रीच्या आरोग्याची आणि हक्काची भाषा स्वीकारली. 1996 साली भारतानं गर्भनिरोधकांची वरून येणारी लक्ष्यं देशभर रद्द केली. त्यानंतर कागदावर ‘अपेक्षित साध्य पातळी’ आली. खाली गावात काम करणाऱ्या सिस्टरला त्यात आणि लक्ष्यात कितपत फरक कळला असेल, ते तुम्हीच ठरवा.

2014च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत 83 स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. तिथल्या शिबिरांनंतर दहाहून अधिक जणी दगावल्या. 2016 साली सर्वोच्च न्यायालयानं देविका बिस्वास खटल्यात तीन वर्षांत शिबिरं बंद करायला सांगितलं. 2017पासून ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळ्या सरकारी केंद्रात आल्या, म्हणजे निवडीला थोडी जागा वाढली. तरी 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के जणींची नसबंदी झालेली होती आणि पुरुष नसबंदी 0.3 टक्के. एवढा एकतर्फी आकडा निव्वळ निवडीतून येत नाही.

आणि या सगळ्याच्या तळाशी आशाताई आहे. लग्नानंतर पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर तिला 500 रुपये, दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर ठेवलं तर 500, दोन मुलांवर कायमचं ऑपरेशन झालं तर 1000 अशी योजना आखली गेली. म्हणजे बाई काय ठरवते यावर तिची कमाई. पगाराऐवजी कामागणिक मोबदल्यावर राबणाऱ्या आशाताईला यात खलनायिका करण्यात अर्थ नाही. गावातल्या बाईच्या मनातलं सगळ्यात आधी तिलाच कळतं. ऐकण्याची कला तिला कुणी नॉर्वेहून आणून शिकवायला नको. तिच्या ऐकण्याचे पैसे मात्र कुणी देत नाही, फक्त निकालाचे देतं. दोन दिवसांचं समुपदेशन प्रशिक्षण देऊन हा पेच सुटणार नाही.

मग काय मोजायचं? कॅलिफोर्नियात क्रिस्टीन डेलेंडॉर्फ या डॉक्टर संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक चार प्रश्नांची मोजपट्टी तयार केली आहे. समुपदेशनानंतर बाईलाच विचारायचं : त्यांनी माणूस म्हणून तुमचा मान ठेवला का? तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं ते बोलू दिलं का? तुमची पसंती गांभीर्यानं घेतली का? निर्णय घेण्यापुरती माहिती दिली का? गुण बाई देते. तिनं कोणतं साधन घेतलं, किंवा घेतलंच नाही, हे या चारांत कुठेच येत नाही.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे चार प्रश्न मराठीत छापायला अर्धं पान पुरेल. मोबदल्याच्या तक्त्यात ‘मोटिव्हेटर’चा रकाना आहे, त्याच्या जागी या अर्ध्या पानावरचे गुण लिहिता येतील. तेवढं झालं तर वर रचलेल्या संवादातल्या सिस्टरला शेवटचा प्रश्न विचारून शांत बसणं परवडेल. कारण मजुरीला जाणाऱ्या त्या बाईनं ‘आज काही नको, पुढच्या महिन्यात येते’ असं उत्तर दिलं, तरी सिस्टरचा रकाना रिकामा राहणार नाही.